वणवा विझवायला ब्लोअर: पेट्रोलचा की बॅटरीचा? मदत हवी आहे

१५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो, त्याआधी खरेदी उरकायची आहे. आपल्याकडे वणवा वर्षानुवर्षे ओल्या फांद्यांनी झोडपूनच विझवला. आता बरेच काम ब्लोअरवर, म्हणजे नळीतून जोराचा वारा मारणाऱ्या यंत्रावर, आले आहे: जाळरेषेवरचा (आग अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरचा) पालापाचोळा उडवायचा आणि आग गुडघ्याखाली असेल तर जळालेल्या बाजूकडे वारा मारून ज्वाळा मागे ढकलायची. नळी चुकून उलटी धरली की ठिणग्या न जळालेल्या गवतात जातात, म्हणून मागे दाताळे आणि फांदी घेतलेला माणूस लागतोच.

सध्याचे टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारे) यंत्र पाठीवरचे आहे. पेट्रोल-तेलाचे प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल. तासाभरात ते दम टाकते. एअर फिल्टर राखेने भरलेला असतो; झटकून थोडा वेळ चालते, पुन्हा तेच. सायलेन्सरची जाळीही काजळीने बुजते. गरम इंजिनात पेट्रोल ओतणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे थांबावेच लागते.

विचारायचे असे:
फिल्टरवर फोमचे जादा आवरण घातल्यास हवा कमी पडून मिश्रण रिच होते का, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त पडते का?
बॅटरीचा ब्लोअर डोंगरउतारावर सलग किती मिनिटे चालतो? जादा बॅटऱ्यांचे ओझे परवडते का?
आणि कपडे. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते, म्हणून जाड सुती वापरतो. त्याहून बरे, पण एप्रिलच्या उन्हात अंगावर ठेवता येईल असे काही आहे का?

यंत्राचे मॉडेल आणि वजन लिहिलेत तर बरे.