चित्रपुस्तकातल्या कावळ्याला चटका का बसत नाही?

लेक साडेतीन वर्षांची. परवा चिऊ-काऊचं नवं चित्रपुस्तक आणलं. शेणाचं घर वाहून जातं, मेणाचं राहतं, इथवर ठीक. पण चिऊताई पहिल्याच हाकेला दार उघडते आणि दोघं खीर खातात! "थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे" गायबच. आमच्या आजीचा कावळा तापल्या तव्यावर बसायचा. लेकीने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "काऊ भिजला नाही?" तुम्ही मुलांना कुठली गोष्ट सांगता?

प्रतिसाद १
तवा काढला तर माझी हरकत नाही. लहानपणी मला त्या कावळ्याची दया यायची. पण तीट, न्हाऊ, काजळ हे सगळं हवंच. मूल तीच ओळ आपल्याआधी म्हणतं, गंमत तिथे आहे.

प्रतिसाद २
शेवट बदलणं जुनंच आहे हो. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या गोष्टीत लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि संपलं. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकात येतो.

प्रतिसाद ३
आमच्याकडच्या भोपळ्याच्या पुस्तकात म्हातारी लेकीकडे "सकस आहार" घेते. तूपरोटी कुठे गेली? मी पेनाने खोडून वर तूपरोटी लिहिलंय.

मूळ प्रश्नकर्ती
पेनाची आयडिया ढापते आहे. काल पुस्तक बंद ठेवून आजीचीच गोष्ट सांगितली. तवा आल्यावर लेक म्हणाली, "मग काऊला बर्नॉल लावलं."