मदत हवी आहे: सौ. हॉस्पिटलात, घरी मी एकटा. पेज, पंप, डबा

खळ्यावरचा
वय ६७. घर कुडाळ-वेंगुर्ला रस्त्यापासून आत, कौलारू. सौ. शेवाळावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन शुक्रवारी आहे. हॉस्पिटल २४ किलोमीटर. मुलगी तिच्यापाशी राहते. घरी मी, चार कोंबड्या आणि कुत्रा. दहा-बारा दिवस तरी असंच चालेल. मला चहा आणि उकडलेली अंडी एवढंच येतं. अडलेल्या गोष्टी:

१. उकड्या तांदळाची पेज कुकरात लावली तर शिटीतून फेस उडून शेगडी बरबटते. पाणी किती, शिट्ट्या किती?
२. विहिरीवरचा १ एचपीचा मोनोब्लॉक पंप फिरतो, पण पाणी चढत नाही.
३. हॉस्पिटलचा, सकाळी साडेआठला भरलेला डबा दुपारी एकपर्यंत न आंबता राहील असं काय देऊ?
४. कपडे वाळत नाहीत.

सुरंगी
काका, घाबरा नकात, होतला सगळा.

पेज आधी. एकट्याला पाऊण वाटी तांदूळ, सहा वाट्या पाणी. तांदूळ दोनदा धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. फेस होतो तो तांदळाच्या पिठामुळे, त्यामुळे धुण्यात आळस नको. कुकरात थेट शिजवत असाल तर पाणी-तांदूळ मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरता कामा नये, तुमचं बहुतेक इथेच चुकतंय. पाण्यात अर्धा चमचा तेल टाका, मोठ्या आचेवर एक शिटी, मग आच अगदी बारीक करून वीस मिनिटं. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप उतरू दे, शिटी उचलून घाई केलीत तर पेज छतावर. मीठ शेवटी.

आणि फेस उडतो म्हणताय, तर आज कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून शिटीखालच्या नळीतून आरपार दिसतंय का बघा. सुकलेल्या पेजेनं ती बुजते. सुई घालून मोकळी करा, नळाखाली धुवा. ती बुजलेली असली तर पुढचा मार्ग सेफ्टी व्हॉल्व्हचा, आणि तो उडाला की कुकर बाजूला ठेवायचा, नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत.

पेजेसोबत कुळथाची पिठी. दोन मोठे चमचे पीठ अडीच कप गार पाण्यात कालवून घ्या. गरम पाण्यात टाकलंत तर गुठळ्या होतील आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. तेलात चार लसूण पाकळ्या ठेचून, एक मिरची, चिमूटभर हिंग. त्यावर कालवलेलं पाणी ओता, दोन सोलं (आमसुलं) टाका आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा. ढवळणं थांबलं की तळाला बसते, आणि उकळी आली की दुधासारखी एका क्षणात वर येते. त्या वेळी दार वाजलं तरी आधी गॅस बारीक.

बंदरकाठ
शिट्ट्या मोजण्याला माझा विरोध आहेच, सुरंगीताईंनी मिनिटं सांगितली ते बरं झालं. प्रत्येक कुकरची शिटी वेगळी.

पंपाचं. फिरतोय आणि पाणी नाही म्हणजे मोटर ठीक आहे, पाइपातलं पाणी उतरून आत हवा शिरलीय. क्रमानं:

आधी मेन स्विच बंद. पंपाच्या डोक्यावर प्रायमिंगचं बूच असतं, ते पान्यानं सोडा. बादलीभर स्वच्छ पाणी मगानं हळूहळू ओता. मधे बुडबुडे येतील, थांबा, परत ओता. काठोकाठ भरून दोन मिनिटं पातळी तशीच राहिली पाहिजे. मग बूच घट्ट करून चालू करा. एक-दोन मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करा. कोरडा पंप चालू ठेवला की आतला सील जळतो, मग बुचापाशी नाही, शाफ्टपाशी गळायला लागतं आणि मेकॅनिक आणावाच लागतो.

पंप नुसता घुमतो, फिरत नाही असं कधी झालं तर तात्काळ बंद. कपॅसिटर गेला असेल किंवा व्होल्टेज पडलं असेल. स्टार्टरवर काटा असेल तर १८० व्होल्टच्या खाली चालूच करू नका. आणि जुलैत ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावायचा नाही, रबरी चप्पल तिथेच ठेवून द्या.

खळ्यावरचा
पाणी ओतलं, चढलं. टाकी भरली. पण आज सकाळी परत तेच. बूच घट्ट आहे.

बंदरकाठ
रात्रीत पाणी उतरतंय म्हणजे विहिरीतल्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह (पाणी परत उतरू न देणारी झडप) धरत नाही. पावसात पान, काडी, वाळूचा खडा झडपेत अडकतो. पाइप वर ओढून झडप धुतली की बहुतेक वेळा भागतं, रबर कडक झालं असेल तर व्हॉल्व्हच बदलायचा. पाइप दोघांनी, कठड्याबाहेर उभं राहून ओढायचा. तुम्ही विहिरीत उतरायचं नाही, पायऱ्यांवर आत्ता तेच शेवाळ आहे ज्यावरून वहिनी घसरल्या. माणूस मिळेपर्यंत रोज सकाळी पाणी ओतून चालू करा, दिवसाची टाकी एकदाच भरा. टाकीला किती मिनिटं लागतात ते एकदा घड्याळ लावून लिहून ठेवा. उद्या जास्त वेळ लागला तर कुठेतरी हवा ओढतोय हे लगेच कळेल.

भिरंडं
डब्याचं मी सांगते. या हवेत पहिला नियम: ओलं खोबरं डब्यात नाही. उसळ, भाजी, कढी, ज्यात ओला नारळ तो पदार्थ घरीच खा. सोलकढीही नको, नारळाचं दूध दुपारपर्यंत फुटतं. त्याऐवजी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) पाण्यात घालून जिरं लावून द्या, पण आगळात मीठ भरपूर असतं. वहिनींना बीपी असेल तर आधी विचारा, वेगळं मीठ तर अजिबात घालू नका.

दुसरं, झाकण. वाफाळता पदार्थ बंद केला की झाकणाच्या आतून पाणी ठिबकतं आणि भाजी वरून आंबायला लागते. पसरून दहा-पंधरा मिनिटं निववा, मग बंद करा.

तिसरं, भात. शिजलेला भात डब्यात कोमट राहिला की त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात नको, मऊ पेज थर्मासमधून द्या. थर्मास आधी उकळत्या पाण्यानं भरून पाच मिनिटं ठेवा, ते पाणी ओतून टाका आणि मगच उकळती पेज भरा. गार थर्मासात भरली तर दुपारी कोमटच मिळणार. घरी उरलेला भातही दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

भाकऱ्या-चपात्या स्वतः करायच्या भानगडीत पडू नका. वाडीत, बचत गटाकडे कुणी करून देत असेल तर रोजच्या सांगून ठेवा. तुमच्याकडून सुकी मुगाची उसळ, बिनखोबऱ्याची तोंडली, दोन उकडलेली अंडी, एक केळं. अंडी कवचासकट द्या, सोलून नको. हाड भरून यायला प्रथिनं लागतातच, कोंबड्या घरच्याच आहेत.

खळ्यावरचा
हिला सोलकढीच हवी आहे, तसा फोनही आला. नाही म्हणून सांगितलंय.

भिरंडं
घरी आल्यावर करा.

कपडे: चादरी, टॉवेल या दिवसांत धुवायला काढूच नका, रोजचे दोन जोड फिरवा. दोनदा पिळून, पंख्याखाली दांडीवर, दोन कपड्यांत वीतभर जागा ठेवून. एकमेकांना चिकटले की कुबट वास येणारच, तो नंतर इस्त्रीनंही जात नाही.

वाटाड्या
हॉस्पिटलचं थोडक्यात. ते महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत असेल तर ऑपरेशन आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलातला माणूस) भेटा. रेशनकार्ड आणि आधार, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स. संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि कॅशलेस आहे, आधी पैसे भरून नंतर परत मागण्याची ही योजना नव्हे, म्हणून शुक्रवारच्या आत जा. हेल्पलाइन १५५३८८.

सौ.च्या नेहमीच्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत घालून न्या. 'पांढरी गोल गोळी' यावर डॉक्टरला काही कळत नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ऑपरेशनआधी त्यांना ते कळलंच पाहिजे.

तुम्ही ६७ चे, एसटीत निम्मं तिकीट. आधार खिशात ठेवा. डॉक्टरांच्या राउंडच्या वेळेला पोचणारी गाडी धरा आणि प्रश्न कागदावर लिहून न्या.

लाइट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद राहिला तर चारेक तास थंडावा टिकतो. गॅसचा वास आला तर बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद, दारं उघडा, बाहेर येऊन १९०६.

सुरंगी
एक राहिलं. घरातलं काय कुठे आहे यासाठी वहिनींना दिवसातून दहादा फोन करू नका. मुलीला सांगा, एकदाच बसून तोंडी विचारून लिहून घे: तांदळाचा डबा, गॅसचं पुस्तक, दुधाचा हिशेब, कोंबड्यांचं खाणं. कोंबड्या दिवेलागणीला आपणहून खुराड्यात जातात, तुम्ही फक्त कडी घालायची. मुंगूस कडी बघूनच फिरतं.

खळ्यावरचा
सगळ्यांचे आभार. पेज जमली, आजची उडाली नाही. उद्या दोघं येऊन पाइप ओढणार आहेत. शेवटचं: तिला आणल्यावर घरात काय बदलू? संडास भारतीय पद्धतीचा, मागच्या पडवीत.

वाटाड्या
खाली बसणं बंद. मेडिकलवाल्याकडे कमोडची खुर्ची मिळते, भाड्यानंही. तिची बैठक एवढी उंच हवी की बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत, पलंगही तसाच, कमी पडला तर पायांखाली ठोकळे. सांधा बदलला की प्लेट बसवली यावर वाकणं-वळणं ठरतं, ते डिस्चार्जच्या दिवशी लिहूनच घ्या. गोधड्या, पायपुसणी, सैल वायर उचला, वॉकरचा पाय त्यातच अडकतो. उंबरठ्याला दोन्हीकडून उतरती फळी ठोका, ती हलता कामा नये. आणि पोटरी सुजली-दुखली किंवा अचानक दम लागला तर सकाळची वाट न बघता १०८.

मागच्या पडवीतलं शेवाळ मात्र आजच काढा. ब्लिचिंग पावडर पाण्यात कालवून पसरा, अर्धा तास ठेवा, हिराच्या झाडूनं घासा. त्यात फिनेल किंवा अॅसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. कोंबड्या तोवर कोंडून ठेवा.