मदत हवी आहे: पिल्लाच्या लसीचा दुसरा डोस चुकला

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागर तालुक्यातील एका वाडीत राहतो. आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला आठव्या आठवड्यात डिस्टेंपर, पार्व्हो (हे दोन्ही विषाणूंमुळे होणारे आजार) आणि लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) एकत्रित लस दिली होती. दुसरा डोस चार आठवड्यांनी होता, पण पावसात रस्ता खचल्याने तो राहिला आणि आता पिल्लू सोळा आठवड्यांचे झाले आहे. लसीच्या कार्डावरचे स्टिकरही ओलीने विरघळून नुसता निळा डाग उरला आहे.

पार्व्होसाठी सोळाव्या आठवड्यानंतरचा डोस महत्त्वाचा असतो, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे त्याआधी लस निष्प्रभ करू शकतात, हे मला ठाऊक आहे. खरी काळजी लेप्टोची वाटते, कारण पडवीत उंदीर आहेत आणि हे महाशय दिवसभर भाताच्या खाचरात लोळतात. आठ आठवड्यांच्या खंडानंतर लेप्टोचे दोन्ही डोस नव्याने घ्यावे लागतील का? रेबीजची लस त्याच दिवशी देता येते का? शिवाय लस चिपळूणहून दोन तासांच्या एसटी प्रवासात आणायची झाल्यास २ ते ८ अंश तापमान कसे राखावे, की पिल्लालाच तिकडे न्यावे? ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सांगावे.