विषय तिकडे जाऊन शोधायचा, की इथून घेऊन जायचा?

दुधनाकाठ:
मी परभणीच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव सेलू तालुक्यातलं. भूजलावर युरोपात पुढे शिकायचंय. पण एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं 'मला हे का शिकायचंय' हे निवेदन, लिहायला बसलो की 'हवामान बदल', '2030 ची शाश्वत विकास उद्दिष्टं' हेच उतरतं, आणि वाचून माझंच मला खरं वाटत नाही. एका सल्लागारानं पैसे घेऊन लिहून दिलेलं तर त्याहून पोकळ निघालं.

माझं स्वतःचं म्हणाल तर एकच आहे. गेल्या जूनपासून गावातल्या 11 विहिरींची पातळी दर पंधरा दिवसाला मोजतोय. सुती दोरीला हात-हातावर गाठी, टोकाला दगड, वहीत नोंद. याला तिकडे कोण विचारणार? घरी साडेतीन एकर कोरडवाहू, शिष्यवृत्तीशिवाय जाणं नाही.

औशाची_लेक:
भाऊ, आधी त्या वहीच्या पानांचे फोटो काढून ठेव.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी बारावी देऊन बसले होते. घागरी रांगेत लावून रात्री दोनपर्यंत टँकरची वाट बघायचो. पुढं इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीवर भूजल शिकले, लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेनला. एसओपीत मी फक्त आमच्या आडाबद्दल लिहिलं होतं.

नेदरलँड्सची साधारण चौथाई जमीन समुद्रसपाटीखाली. त्यांची सगळी धडपड पाणी उपसून बाहेर काढायची! पहिल्या आठवड्यात वाटलं, चुकीच्या गावी आलो. मग तिथली पाणी-मंडळं कळली. अशी 21 आहेत, परंपरा तेराव्या शतकापासूनची. लोक त्यांना मत देऊन निवडतात, त्यांचा कर वेगळा. कालव्याच्या भिंतीवर पातळीची पट्टी असते, येता-जाता कुणीही वाचावी. ती बघून मला गावाकडची भांडणं आठवली. कुणाच्या बोअरनं कुणाची विहीर आटली यावरून डोकी फुटतात, आकडा मात्र कुणापाशीच नसतो. जायकवाडीला वरून पाणी सोडायचं का, हे निदान 15 ऑक्टोबरच्या साठ्यावरून ठरवता येतं. विहिरीला तेवढाही आधार नाही. माझा प्रबंध त्या पट्टीपाशी सुरू झाला.

आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. एका विहिरीला झरा, पन्नास पावलांवरची ठणठणीत. म्हणून 11 विहिरी एकदम मोजणं मोलाचं आहे. फक्त ओली झाली की सुती दोरी आखडते, टेप घे. कठड्याची जमिनीपासूनची उंची टीप. आणि मोजताना मोटर चालू होती का, हे प्रत्येक नोंदीपुढं लिही.

गोदातीर:
इरॅस्मसचे बरेचसे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत भरावे लागतात. पासपोर्ट आणि आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आत्ताच उरका, आमच्या पोराचं एक वर्ष त्यातच गेलं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था आहे, तिथंही विचारून बघा. कोरडवाहू शेतीवर जगभरातून आलेली माणसं तिथं काम करतात.

दुधनाकाठ:
ताई, मोटरचं ध्यानातच आलं नव्हतं. चार विहिरींच्या नोंदी बहुतेक मोटर चालू असतानाच्या आहेत. त्यातली एक आजोबांनी 72 च्या दुष्काळात खोदलेली, सात परस खोल. एसओपीची सुरुवात तिच्यापासून करतो. उद्या पहाटे लाइट यायच्या आत चारही परत मोजतो.