‘ग्रेन’साठी कण, दाणा की रवा?

जांभा (रत्नागिरी): पातळ थरांविषयीचे एक टिपण विद्यार्थ्यांसाठी मराठीत लिहिताना मी ‘ग्रेन’ या शब्दापाशी अडलो आहे. काचेवरच्या अस्फटिकी (म्हणजे अणूंची नियमित मांडणी नसलेल्या) सिलिकॉनवर लेसरचा क्षणिक झोत टाकला, की थर वितळून पुन्हा गोठतो, त्यात ‘ग्रेन’, म्हणजे एकमेकांना चिकटलेले बारीक स्फटिक, तयार होतात आणि खालच्या काचेला फारशी धग लागत नाही. मोबाइलच्या पडद्यांतले वेगवान ट्रान्झिस्टर अशाच थरावर घडवतात. मी ‘कण’ लिहिले, तर सहकारी विचारतात की मग ‘पार्टिकल’ला काय म्हणणार? ‘दाणा’ चालेल का?

खाडीकाठ (देवगड): ‘दाणा’ नको, कारण दाणा सुटा असतो. थरातले हे घटक एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. प्रत्येक जण स्वतः एक स्फटिकच, फक्त त्याच्या अणूंच्या रांगा शेजाऱ्याहून वेगळ्या दिशेला कललेल्या. मी ‘रवा’ सुचवतो. कढवलेले तूप सावकाश निवू दिले की ते रवा धरते आणि घाईने थंड केले की रवा बारीक राहतो, असे आमच्याकडे म्हणतातच. ‘थराने रवा धरला’ असे क्रियापदही त्याबरोबर आयते मिळते.

वाचस्पती (चिपळूण): शास्त्राच्या पुस्तकात रवा आला, तर मुलांना शिरा आठवेल. ‘स्फटिकिका’ हा नेमका आणि संस्कृतनिष्ठ शब्द असताना स्वयंपाकघरात का शिरायचे?

खाडीकाठ: मग दोन ग्रेनमधल्या सीमेला ‘स्फटिकिकासीमा’ म्हणावे लागेल; आपण तो शब्द वर्गात दोनदा उच्चारून पाहावा. शिवाय ‘स्फटिकिका’ हा शब्द ‘क्रिस्टलाइट’साठी, म्हणजे ग्रेनच्या आतल्या सलग स्फटिकी तुकड्यासाठी, राखून ठेवायला हवा. क्ष-किरणांच्या रेषांच्या रुंदीवरून शेररच्या 1918 च्या सूत्राने निघतो तो क्रिस्टलाइटचा आकार. सूक्ष्मदर्शकात दिसणारा ग्रेन त्याहून बराच मोठा असू शकतो.

सुरुबन (मालवण): माझा आक्षेप वेगळा आहे. ‘रवाळ’ ही आपल्याकडे स्तुती आहे, पण थरात मोठा रवा नेहमीच हवा असतो असे नाही. तांब्याच्या बारीक तारांत रव्यांमधल्या सीमांवर इलेक्ट्रॉन विखुरतात, म्हणून तिथे मोठा रवा बरा. उलट हॉल आणि पेच या संशोधकांनी 1951 ते 1953 च्या सुमारास दाखवले, की रवा बारीक होत जातो तसा धातू बळकट होतो, आणि हार्ड डिस्कच्या चुंबकी थरात तर तो दहा नॅनोमीटरहूनही लहान ठेवतात. जाता जाता, ‘रवा’ संस्कृत ‘लव’पासून आला असावा असे मला वाटते.

वाचस्पती: ‘ल’चा ‘र’ झाला एवढ्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. आधार द्यावा.

सुरुबन: आधार मागणाऱ्यांनी आधी ‘स्फटिकिका’ कोणाच्या तोंडी ऐकली ते सांगावे.

जांभा: मंडळी, टिपण सोमवारी द्यायचे आहे. तूर्त ‘ग्रेन’ तसाच ठेवून ‘ग्रेनसीमा’ लिहितो.

वाचस्पती: हा समास तर धेडगुजरी झाला! त्यापेक्षा रवा परवडला.

खाडीकाठ: हे आपले वाक्य मी जपून ठेवतो.

वाचस्पती: परवडला म्हणालो, पटला असे म्हणालो नाही.