फुटबॉलवाल्यांना पैसे, पोहणाऱ्यांना नारळ

बकआयवहिनी

एप्रिल २०२५. लेकीचा फोन आला आणि पलीकडून नुसता श्वासाचा आवाज. मग कळलं, कोचने दहा मिनिटांची झूम मीटिंग घेऊन सहा जणींना सांगितलं की पुढच्या वर्षी संघात जागा नाही. वेळ खराब झाली म्हणून नव्हे. त्याच सीझनला तिने २०० यार्ड बटरफ्लायमध्ये स्वतःची सगळ्यात चांगली वेळ दिली होती. कारण काय, तर रोस्टर लिमिट.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्ती मिळायची, पगार नाही. एनसीएए नावाच्या संघटनेचा तो कडक नियम होता. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून, स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता यायला लागले. मग 'हाऊस' खटल्याची तडजोड झाली (वादी ग्रँट हाऊस हा अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा जलतरणपटू, योगायोग बघा). ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ती मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि १ जुलै २०२५ पासून प्रत्येक शाळेला (इथे विद्यापीठालाही शाळाच म्हणतात) आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटायची मुभा, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्याबरोबर शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघात किती डोकी ठेवायची याची मर्यादा आली, तीच रोस्टर लिमिट. फुटबॉलला (अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन खेळतात तो) १०५, पोहण्याला ३०.

आमची तिसाच्या बाहेर गेली. शिष्यवृत्ती तिला नव्हतीच, फक्त जागा होती.

अकरा वर्षं मी तिला पहाटे साडेचारला पूलवर सोडलंय. गाडीच्या सीटमधला क्लोरीनचा वास अजून गेलेला नाही. खेळाडूंना पैसे मिळू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण ते कोणाच्या ताटातून काढून देताय? कॅल पॉली विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये पोहणं आणि डायव्हिंग बंदच केलं, कारणांत हीच तडजोड सांगितली. अजून किती जण रांगेत आहेत? अमेरिकेचे ऑलिंपिकवाले याच पूलांतून निघतात हो!

तालीमवाला

वहिनी, वाईट वाटलं वाचून. पण मला एक कळेना. कॉलेजच्या मॅचला असे किती पैसे येतात की ते वाटायला लागावेत? आमच्या कॉलेजच्या मॅचला प्राध्यापकसुद्धा यायचे नाहीत. आणि फुकट शिक्षण, फुकट राहणं, फुकट जेवण मिळतंय तर अजून काय पाहिजे पोरांना?

ऑस्टिनकर

तालीमवाले, मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये अधिकृत आसनं १,०७,६०१ आहेत. आणि भरतात. मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचे वर्षाला १ अब्ज डॉलरच्या वर येतात. कॉलेज फुटबॉलच्या बाद फेरीसाठी ईएसपीएन या क्रीडावाहिनीचा वेगळा सहा वर्षांचा करार, ७.८ अब्ज. हे सगळं विद्यार्थ्यांनी खेळलेल्या खेळावर.

आता खर्चाकडे बघा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फुटबॉल कोच जिम्बो फिशरला काढलं. काढण्याची किंमत साडेसात कोटी डॉलरहून जास्त. म्हणजे 'घरी बस' म्हणायचे एवढे पैसे. मैदानावर डोकी फोडून घेणाऱ्याला मात्र स्वतःची जर्सी विकली तर शिक्षा. जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनने २०१० मध्ये विकली, चार सामने बाहेर बसवलं. तीच जर्सी विद्यापीठाच्या दुकानात रांगेने टांगलेली होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

निवांत_नितीन

कोचचे पगार बेशरम आहेत, मान्य. म्हणून खेळाडूंचाही बाजार मांडायचा?

मी वीस वर्षं शनिवारी दुपारी दुसरं काही केलेलं नाही. कॉलेज फुटबॉल बघायचो कारण तो एनएफएल, म्हणजे पगारी खेळाडूंची लीग, नव्हता. पोरगं चार वर्षं आपल्या गावात राहायचं, पहिल्या वर्षी बेंचवर बसायचं, चौथ्या वर्षी हिरो व्हायचं. आता दर हिवाळ्यात ट्रान्सफर पोर्टल (शाळा बदलणाऱ्यांनी नाव नोंदवायची यादी) उघडतं आणि अर्धा संघ गायब. २०२४ मध्ये लास व्हेगासच्या यूएनएलव्ही विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (संघाचा मुख्य चेंडूफेक्या) तीन पैकी तीन सामने जिंकून सीझनच्या मध्यात निघून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं, कबूल केलेले १ लाख डॉलर दिले नाहीत. विद्यापीठ म्हणतं असा काही करारच नव्हता. कोण खरं कोण खोटं ते जाऊ द्या. मला त्या पोराचं नाव पाठ होण्याआधी तो गेला!

पगार घ्या, पण मग 'विद्यार्थी' म्हणू नका. वर्गात येतात तरी का?

गणिताचा_मास्तर

नितीनराव, वर्गात येतात. मी सांगतो कसे येतात.

दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठात मी टीए (शिकवायला मदत करणारा विद्यार्थी) होतो. सकाळी आठचा बीजगणिताचा तास. मागच्या रांगेत दोन लाइनमन, म्हणजे फुटबॉलमध्ये पुढच्या फळीत धडका देणारे. त्यांचं वेट ट्रेनिंग साडेपाचला सुरू व्हायचं. एकाच्या गुडघ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ बांधलेला, तो वितळून खाली थारोळं. मी वर्गसमीकरण सोडवतोय आणि हा माणूस पेन हातात धरून, पाठ ताठ ठेवून झोपलेला. सहा फूट पाच इंच. एकदा ऑफिस अवर्सना आला, माझ्या टेबलावर अर्धं सँडविच होतं, म्हणाला, 'यू गोइंग टू फिनिश दॅट?' मला वाटलं गंमत करतोय. गंमत नव्हती. आणि ज्या विषयात त्याला रस होता त्याची लॅब दुपारी असायची, सरावाच्या वेळी. म्हणून त्याने विषय बदलला होता.

हे मी फार जुनं सांगत नाही. २०१४ मध्ये यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) च्या बास्केटबॉलपटू शबाझ नेपियरने पत्रकारांना सांगितलं की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्याचा संघ त्याच दिवसांत राष्ट्रीय विजेता झाला. मग एनसीएएला जाग आली आणि जेवणावरची मर्यादा उठली.

आणि 'स्टुडंट-अॅथलीट' या शब्दाची जन्मकथाही ऐका. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजचा रे डेनिसन फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून मेला. त्याच्या बायकोने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. असे दावे पुढे येऊ नयेत म्हणून एनसीएएने हा जोडशब्द सगळीकडे वापरायला लावला. एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच हे कबूल केलंय. तुम्ही ज्याला परंपरा म्हणताय तो वकिलांनी काढलेला शब्द आहे.

निवांत_नितीन

मास्तर, गोष्ट चटका लावणारी आहे. पण त्यावर उपाय जेवण, विमा, सरावाच्या तासांवर मर्यादा हा होता. लिलाव नाही.

ऑस्टिनकर

ते सगळं साठ वर्षं मागून पाहिलं. मिळालं कधी? कोर्टात गेल्यावर. कॉलेजचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला, नाव सोडून सगळं तेच. त्याने २००९ मध्ये दावा लावला. २०२१ ला खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादेविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयात एनसीएए ९ विरुद्ध ० हरली. नऊ विरुद्ध शून्य! त्या कोर्टात आजकाल चहा की कॉफी यावरही एकमत व्हायचं नाही. न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी वेगळं मत जोडून साफ लिहिलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही.

परंपरेचं म्हणाल तर पॅक-१२ ही पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची कॉन्फरन्स (एकमेकांशी खेळणारा गट) कोणी मोडली? खेळाडूंनी? टीव्हीच्या पैशासाठी यूसीएलए आणि यूएससी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेले, म्हणजे लॉस एंजेलिसचे संघ आणि न्यू जर्सीचं रटगर्स एकाच कॉन्फरन्समध्ये. स्टॅनफर्ड गेलं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. नावातच अटलांटिक, आणि हे पॅसिफिकच्या काठी. तेव्हा त्या टीव्हीच्या पैशातला वाटा खेळाडूंना दिला जात नव्हता.

आणि वहिनी, राग मानू नका. तुमच्या लेकीच्या पूलचं पाणी गरम करायचं बिल कोण भरत होतं? तिची कोच, तिचा प्रवास, तिचे स्विमसूट? तिकीट काढून कोणी येत नव्हतं ना बघायला. मास्तरांचा तो बर्फवाला लाइनमन भरत होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून विद्यापीठं तीस खेळांचे दाते म्हणून मिरवत होती.

बकआयवहिनी

राग आला. खोटं कशाला बोलू. दोन दिवस उत्तर दिलं नाही.

मी बघायला जात होते. तिकीट नव्हतं म्हणून काढलं नाही.

तुमचं गणित मोठ्या पंचवीस-तीस शाळांना लागू पडतं. डिव्हिजन १, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, साडेतीनशेच्या वर शाळा आहेत आणि बहुतेकांचा क्रीडा विभाग तोट्यात, विद्यापीठाच्या मदतीवर आणि सगळ्या विद्यार्थ्यांच्या फीवर चालतो. तिथे फुटबॉल कोणाला पोसत नाही, फुटबॉललाच पोसतात. आमची शाळा त्यातलीच. पण टॉपच्या शाळांशी बरोबरी दाखवायची म्हणून तिथेही फुटबॉलवाल्यांना वाटायला पैसे काढले, आणि काढले कुठून ते तुम्हाला कळलंच आहे. ऐपत नाही आणि लग्न थाटात.

कुजबुज

वहिनींचा हा मुद्दा बरोबर आहे आणि ऑस्टिनकर तो खाऊन टाकणार, म्हणून +१ आधीच देऊन ठेवतो.

एक अप्रिय गोष्ट कोणी बोलत नाहीये, मी बोलतो. फुटबॉल-बास्केटबॉलच्या मोठ्या संघांत कृष्णवर्णीय मुलं खूप, त्यांतली बरीच गरीब घरची. पोहणं, रोइंग, टेनिस हे क्लबची फी परवडणाऱ्या घरांतले खेळ. त्यात आता आपणही आलो. म्हणजे इतकी वर्षं पैसा कुठून कुठे वाहत होता? हे आपल्याला टोचतं कारण आपण वाहत्या गंगेत उभे होतो.

(मी सुद्धा. माझी रोइंग करायची. तिला त्या जोरावर अॅडमिशन मिळाली, हे मी लग्नकार्यात सांगत नाही.)

एफ१चा_बाप

मुलगा टेनिस शिष्यवृत्तीवर आहे. आमच्या घरी वादच नाही, कारण पैसे मिळण्याचा प्रश्न नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय बाहेरचं काम चालत नाही, त्यामुळे जाहिरात करायची तर व्हिसावर गदा. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर च्शिब्वे मूळचा काँगोचा. संघ ऑगस्ट २०२२ मध्ये बहामाला गेला तेव्हा त्याने जाहिरातींची कामं तिथे उरकून घेतली, अमेरिकेच्या हद्दीबाहेर. आमच्या चिरंजीवांना बहामाला कोण नेतंय!

आपल्या ऋतुजा भोसलेने टेक्सास ए अँड एमकडून कॉलेज टेनिस खेळलं आणि पुढे बोपण्णाबरोबर हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं. तशा रस्त्याने पोरं पाठवायची तर टेनिसचे संघ टिकायला हवेत, एवढंच आमचं म्हणणं. आम्ही कोणाच्या बाजूचे? ज्या बाजूला कोर्ट असेल त्या.

गणिताचा_मास्तर

ऐपत नसताना बरोबरी करणाऱ्या शाळा हा मुद्दा मला मान्य. पण तो निर्णय खेळाडूंनी घेतला नाही, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी घेतला. तडजोडीत पैसे वाटायची सक्ती कुठेच नाही. कमाल मर्यादा आहे, किमान नाही. लाइनमनवर राग का काढायचा?

माझ्या मते अर्धवटपणा हाच रोग आहे. ही मुलं नोकरदार आहेत की नाहीत ते एकदाचं ठरवा. डार्टमथ कॉलेजच्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन केली, आणि वर्षअखेरीला अर्ज मागे घेतला. युनियन असेल तर करार होईल, किती वर्षं थांबायचं ते ठरेल, नितीनरावांना नावं पाठ करायला सवड मिळेल.

निवांत_नितीन

आणि युनियनवाला नोकर खराब खेळला तर त्याला काढायचं? एकोणीस वर्षांच्या पोराला? सेमिस्टरच्या मध्यात?

ऑस्टिनकर

आत्ता वहिनींच्या लेकीला काय केलं मग?

बकआयवहिनी

हे मात्र खरं.

त्यातली शेवटची मेख सांगायची राहिली. न्यायाधीशबाईंनी एप्रिलमध्ये तडजोड याच मुद्द्यावर अडवून धरली होती. त्यानंतर कलम घातलं की रोस्टर लिमिटमुळे काढलेल्यांना परत घेता येईल, ते मर्यादेत मोजले जाणार नाहीत. आम्ही उड्या मारल्या. पण कलमात 'घेता येईल' आहे, 'घ्यावं लागेल' नाही. कोचने मेल लिहिली, दोन ओळींची. बाकीच्या पाचजणींनाही तीच, फक्त नाव बदलून.

आणि बाईमाणसांचा हिशोबही राहिलाच की. भरपाईच्या रकमेतला सिंहाचा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला. १९७२ चा टायटल नाइन कायदा मुलामुलींना समान संधी द्या म्हणतो. तो या वाटपाला लागू आहे असं शिक्षण खात्याने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आणि फेब्रुवारीत नव्या सरकारने ते मागे घेतलं. एका महिन्यात! यावर मास्तर, तुमची युनियन काय करणार ते सांगा, मी वाचतेय.

लेक ठीक आहे. क्लब टीममध्ये पोहते, आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी. शनिवारी फुटबॉलला जाते, ओरडून घसा बसवून येते. मी विचारलं, राग नाही येत? म्हणाली, त्यांचा क्वार्टरबॅक माझ्या स्टॅट्सच्या वर्गात आहे, त्याला डावा हात खांद्याच्या वर नेता येत नाही.

तालीमवाला

सगळं वाचलं. पैशाचं मला अजून अर्धंच कळलं. पण वहिनी, ती बटरफ्लायची वेळ किती होती?

बकआयवहिनी

२:०१.४.