मदत हवी आहे: घरातच विड्या वळतात, मुलाला दूर कसं ठेवू?

नमस्कार. मी सोलापूरची. सासूबाई चाळीस वर्षं घरी विड्या वळतात. अजूनही दिवसाला सात-आठशे होतात. नवऱ्याचं आयटीआय याच पैशांवर झालं, त्यामुळे "विडी वाईट" असं घरात म्हणायला जीभ रेटत नाही.

मुलगा आठवीत, तेरा पूर्ण. शाळेतून आला की आजीजवळ बसतो, पंचवीस-पंचवीस मोजून कट्टे बांधू लागतो. परवा जेवताना सहज म्हणाला, "आई, ट्यूशनची पोरं म्हणतात, तुझ्या घरी तर फुकटात आहे, चार आण की." मी विचारलं, मग? "मी म्हटलं, विसरलो." दोनदा विसरून झालंय. तिसऱ्यांदा काय सांगणार?

त्याने अजून ओढलेली नाही याची मला खात्री आहे (आयांना असतेच ती, हसू नका). नवरा म्हणतो, दोन कानाखाली दे, विषय संपला. पण मारलं तर पुढच्या वेळी तो जेवताना सांगणार नाही, एवढं मला कळतं. कॅन्सरच्या फोटोंचंही काही वाटत नाही त्याला, टपरीवर रोजच दिसतात. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी सांगा.

खडूफळा: ताई, मी शिक्षक आहे. कट्टे बांधायला बसवणं आजपासून बंद करा. विडीच्या कामाला चौदाच्या आतल्या मुलांना कायद्याने बंदी आहे. कायदा राहू द्या बाजूला, तंबाखू नुसती हाताळली तरी निकोटिन कातडीतून अंगात जातं. दुसरं, ती पोरं एरवी कुठून आणतात ते बघा. अठराखालच्यांना विकता येत नाही, आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तर कुणालाच नाही. 2003 चा कायदा आहे. आमच्या शाळेजवळची टपरी दहा-बारा पालक मिळून गेले तेव्हा हलली. एकट्या जाऊ नका, नुसतं भांडण होतं.

सुटलेला: आमचे आजोबा विडी हातात देऊन म्हणायचे, "जा, गॅसवर पेटवून आण." पेटवायची म्हणजे एक झुरका आलाच. तिथून जी लागली ती वीस वर्षं. मित्रांना मी नाही म्हणायचो, पण नाही म्हटल्यावर पुढचं वाक्य सुचायचं नाही. तुमच्या पोराला ते वाक्य द्या: "आजीच्या मोजलेल्या असतात, कमी भरल्या तर तिचे पैसे कापतात." खोटंही नाही. भित्रा म्हणून कुणी चिडवणार नाही.

आणि विडी म्हणजे पानातली, सिगारेटपेक्षा बरी, हा समज पोरांमध्ये असतो. उलट आहे. ती विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात, निकोटिन आणि टार जास्तच जातं. त्या पोरांपैकी कुणाला लागलेली असेल तर 1800-11-2356 हा नंबर द्या. सरकारी आहे, फुकट. मी तिथूनच सुरुवात केली.

माईची_लेक: तुम्ही का बोलताय? सासूबाईंना बोलू द्या की. वळणारीने "ओढू नको" म्हटलं तर जास्त लागेल.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. कट्टे बांधणं थांबवलं, पोरगं रुसलंय, कारण गप्पा तिथेच व्हायच्या. आता आजी वळते आणि तो पलीकडे पाटावर गृहपाठ करतो. मोजलेल्या विड्यांचं वाक्य त्याला पटलं, लगेच "हां, हे चालेल" म्हणाला.

माई, तुमचं ऐकून सासूबाईंना सगळं सांगितलं. हातातलं पान खाली ठेवलं त्यांनी, जे त्या कधी करत नाहीत. त्याला हाक मारून एवढंच म्हणाल्या, "तुझे आजोबा माझ्याच हातच्या ओढायचे. शेवटची दोन वर्षं बसून झोपायचे, आडवं होता यायचं नाही." पोरगं काहीच बोललं नाही. मलाही हे माहीत नव्हतं.

आता सासूबाई म्हणतात, विड्या वळायचं सूप आणि कट्टे रात्री कपाटात ठेवून कुलूप लावू. मला भीती वाटते, आपल्यावर विश्वास नाही असं त्याला वाटेल. लावू का?